गावातलं नेट आणि डीएनएसचा लोचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या खेड्यांत ज्यांच्या घरी फायबर आहे, केबलवाल्याचं नेट आहे नाहीतर छतावर डबा लावून टॉवरवरून घेतलेलं आहे, त्यांच्यासाठी हे पान. प्रश्न लोकं जसे विचारतात तसेच ठेवले. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, इथं आकडे मराठीत लिहिले आहेत पण राउटरमध्ये, फोनमध्ये टाकताना इंग्रजी आकडेच टाका, मराठी आकडे तिथं घेत नाही.

डीएनएस म्हणजे नेमकं काय बावा?

मशीनला नाव समजत नाही, नंबर समजते. तुम्ही सातबाऱ्याच्या साइटचं नाव टाकलं की फोन आधी डीएनएस सर्व्हरला विचारते की या नावाचा नंबर काय, तिकडून उत्तर आलं की मग खऱ्या साइटकडे जाते. नवीन गावात गेल्यावर आपण पानठेल्यावर घर विचारतो तसं. पानठेलेवाला जाग्यावर नसला तर घर आहे तिथंच आहे, रस्ताही धड आहे, पण आपण चौकातच उभे.

पहिले सगळ्या कॉम्प्युटरची नावं अमेरिकेत एकाच फाइलमध्ये ठेवायचे आणि बाकीचे ती फाइल उतरवून घ्यायचे, नेट वाढलं तसं ते पुरेना, मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस काढलं. आजही पायाला तेच आहे.

व्हॉट्सॲप चालते, यूट्यूब अर्धवट चालते, पण साइट कायले नाही उघडत?

हीच डीएनएस बिघडल्याची सगळ्यात मोठी खूण. व्हॉट्सॲपचं कनेक्शन आधीच जोडलेलं असते, त्याला पुन्हा नाव विचारायची गरज पडत नाही. यूट्यूबचा चालू व्हिडिओ पण तसाच पुढे जाते, दुसरा लावला की मात्र गोल गोल फिरत बसते. नवीन साइटला नाव विचारावंच लागते, तिथं गाडी अडते.

उलटं म्हणजे व्हॉट्सॲपवर पण घड्याळच दिसून रायलं, काहीच जाऊन नाही रायलं, तर डीएनएसच्या मागे लागू नका, लाइनच गेली असंल. राउटरवर एलओएसचा लाल दिवा लागला असला तर विषयच संपला, फायबर तुटलं नाहीतर निघालं, ऑपरेटरला फोन करा आणि चहा प्या.

डीएनएसच खराब आहे हे पक्कं कसं समजायचं?

बहुतेक लोकं इथंच घाई करतात. कोणीतरी सांगितलं ८.८.८.८ (गूगलचं डीएनएस) टाक, की टाकून मोकळे, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. आधी कुठं अडलं ते पाहा, त्याला पाच मिनिटं लागतात. लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर असला तर बरं, नसला तर शेजारच्याचा आणा.

काळी खिडकी उघडायची, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट. पिंग मारणे म्हणजे तिथं पिंग लिहून, स्पेस देऊन नंबर किंवा नाव टाकायचं, समोरचा उत्तर देते का ते दिसते. पहिले आपल्या राउटरला पिंग मारा, त्याचा नंबर बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असते, राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर सापडते. इथंच उत्तर येत नसलं तर लोचा घरातच आहे, वायफाय कमजोर आहे नाहीतर राउटर लटकला. ते चाललं की ८.८.८.८ ला पिंग मारा. हा सरळ नंबर आहे, याच्यात नाव विचारायची भानगड नाही, म्हणून हे चाललं म्हणजे लाइन बाहेरपर्यंत चांगली आहे. आता तिसरं, एखाद्या साइटच्या नावाला पिंग मारा. नंबरला उत्तर येते आणि नावाला "कुड नॉट फाइंड होस्ट" म्हणते, तर डीएनएसच. नाव नंबरमध्ये बदललं पण पुढं उत्तर नाही आलं, तर डीएनएसनं त्याचं काम केलं, अडचण पुढची आहे. काही साइट पिंगला मुद्दामच उत्तर देत नाही, त्याचं मनावर घेऊ नका.

कॉम्प्युटर नसलाच तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडून पाहा. डेटावर उघडली तर साइट जिवंत आहे, घोळ घरच्या नेटमध्ये आहे. दोन्हीकडं नाही उघडली तर साइटच झोपली असायची शक्यता जास्त.

एनएसलुकअप केलं तर "अननोन" दिसते, "नॉन-ऑथोरिटेटिव्ह" दिसते, खराब आहे का?

नाही. एनएसलुकअप म्हणजे काळ्या खिडकीत साइटचं नाव देऊन डीएनएसला थेट नंबर विचारायची कमांड, तिथले हे दोन शब्द पाहून लोकं उगाच घाबरतात. अननोन म्हणजे त्या सर्व्हरच्या नंबरला नाव ठेवलेलं नाही एवढंच, घरच्या राउटरला कोण नाव ठेवते. नॉन-ऑथोरिटेटिव्ह म्हणजे उत्तर मूळ मालकाकडून नाही, मधल्याच्या साठ्यातून आलं, रोजची बहुतेक उत्तरं तशीच येतात.

पाहायचं ते दुसरंच. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट, टाइमआउट वॉज २ सेकंद्स" असं आलं म्हणजे दोन सेकंद वाट पाहिली आणि उत्तर नाही. हे एखाद्या वेळेस आलं तर सोडून द्या, पण दर दोन-तीन वेळेला येत असलं तर डीएनएस धड नाही. "नॉन-एक्झिस्टंट डोमेन" आलं तर बहुतेक स्पेलिंग चुकलं. "सर्व्हर फेल्ड" आलं तर डीएनएसला आपला प्रश्न पोहोचला पण पुढून उत्तर आणता आलं नाही.

आणि याच कमांडमध्ये साइटच्या नावानंतर स्पेस देऊन ८.८.८.८ लिहिलं की तोच प्रश्न गूगलच्या डीएनएसला जाते. आपल्या डीएनएसवर टाइमआउट आणि गूगलवर झटक्यात उत्तर, याच्यापेक्षा पक्का पुरावा नाही. त्याचा फोटो काढून ठेवा, ऑपरेटरशी बोलताना कामी येते.

दिवसा बरं असते, रात्री आठ ते अकरा नुसतं अडकते. हे डीएनएसच ना?

दिसते डीएनएससारखं, असते बहुतेक वेगळं. डीएनएसचा प्रश्न म्हणजे एक बारकं पाकीट (नेटवर सगळी माहिती अशा तुकड्यांतच जाते), तेही यूडीपीवर, म्हणजे रस्त्यात हरवलं तर कोणी कळवत नाही. फोन आपला वाट पाहत बसते आणि एक-दोन-पाच सेकंदांनी पुन्हा विचारते. व्हिडिओचं एखादं पाकीट हरवलं तर ते लगेच मागवलं जाते, पुढचा साठा पण असते, आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणून लाइनवर थोडीशी पाकिटं गळत असली की पहिली बोंब डीएनएसच्या नावानं होते, आणि एका बातमीच्या पानाला जाहिराती-फोटो धरून डझनभर नावं विचारावी लागतात, त्यातलं एक जरी अडलं तरी पान अर्धवट पांढरं.

रात्री सगळं गाव एकाच वेळी सिरियल, क्रिकेट, रील पाहते, ऑपरेटरनं तालुक्यावरून घेतलेली लाइन भरून जाते आणि पाकिटं गळतात. तपासायचं असलं तर रात्री ८.८.८.८ ला पन्नास वेळा पिंग मारा (पिंग, मग उणे एन, मग ५०) आणि खाली किती लॉस्ट लिहून येते ते पाहा, मग तेच सकाळी. सकाळी शून्य आणि रात्री चार-पाच टक्के, तर कोणतंही डीएनएस टाका, फरक पडणार नाही. ऑपरेटरनं लाइन वाढवली पाहिजे, पण त्याच्यात त्याचा खर्च असते, म्हणून तो तुम्हाला राउटर रिस्टार्ट करा असंच सांगणार.

दिवसभरच गळत असलं तर फायबर पाहा. खांबावरून ओढलेल्या वायरवर वांदरं झोके घेतात, खिडकीतून आणताना वायर काटकोनात वाकवलेली असते, ट्रॅक्टरवरचा कडबा घासून जाते, सगळ्यानं सिग्नल पडते. राउटरच्या पानात ऑप्टिकल पॉवर की आरएक्स पॉवर असं काहीतरी लिहिलेलं सापडंल. साधारण उणे १५ ते उणे २५ डीबीएम असलं तर ठीक, उणे २७ च्या पलीकडं गेलं म्हणजे लाइन शेवटच्या श्वासावर आहे, फिटरला बोलवा.

राउटर बंद-चालू केला की दोन तास चालते, मग पुन्हा जैसे थे. असं कायले होते?

मला विचाराल तर आपल्या भागात डीएनएसच्या नावावर खपणाऱ्या तक्रारींत याच मोठ्या. आपल्या फोनला वाटते की डीएनएस सर्व्हर म्हणजे राउटरच. राउटर स्वतःला काही माहीत नसताना मध्ये बसते, प्रश्न घेते, पुढं कंपनीच्या डीएनएसला पाठवते, उत्तर आणून देते. स्वस्तातल्या राउटरला हे काम झेपत नाही, घरात चार फोन, टीव्ही, कॅमेरा जोडले की त्याची मेमरी भरते आणि नावं विचारायचं काम बंद पडते, बाकी दिवे मात्र हिरवेगार.

त्यात आपला उन्हाळा. बऱ्याच घरगुती राउटरवर चालायचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असते आणि मे महिन्यात आपल्याकडं सावलीतच पारा ४५ च्या आसपास जाते, टिनाच्या खोलीत तर विचारूच नका. त्यावर कोणी रुमाल टाकते, कोणी टीव्हीच्या मागं कोंबते, कोणी देवघराच्या वर ठेवते जिथं खाली दिवा जळत असते. राउटर मोकळ्या हवेत, भिंतीच्या मधोमध उंचीवर, टिनापासून लांब लावा. दुपारीच अडकत असलं आणि रात्री आपोआप सुधारत असलं तर गर्मीचाच प्रकार समजा.

यावर सोपा तोडगा म्हणजे राउटरला मधातून काढायचं. राउटरच्या सेटिंगमध्ये लॅन किंवा डीएचसीपी नावाचं पान असते, तिथं डीएनएसच्या खान्यात १९२.१६८.१.१ च्या जागी बाहेरचे नंबर टाकले की फोन थेट बाहेर विचारतात. लक्षात घ्या, वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या पानावर बदललं तर राउटर पुढं कोणाला विचारते ते बदलते, पण मध्ये तोच राहते. बरेच जण वॅनमध्ये बदलतात आणि म्हणतात काहीच फरक नाही पडला.

कोणतं डीएनएस टाकू मग?

गूगलचं ८.८.८.८ आणि ८.८.४.४, हे २००९ पासून आहे. क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ आणि १.०.०.१, हे २०१८ पासून. क्वाडनाइनचं ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२, हे फसव्या साइट आपणहून अडवते, घरात म्हातारी माणसं लिंक पाहून लगेच दाबत असली तर मी हेच टाकून देतो. घरात लहान लेकरं असली तर क्लाउडफ्लेअरचंच १.१.१.३ आहे, ते प्रौढांच्या साइट पण अडवते. सगळी फुकट आहेत, कुठं नोंदणी नाही, पैसे मागणारा कोणी भेटला तर तो ठग आहे.

माझं म्हणणं, दोन खाने असतात तर दोन वेगळ्या कंपन्यांचे नंबर टाका, एक बसलं तरी दुसरं असते. मोठ्यांचं पण बसते, १४ जुलै २०२५ ला १.१.१.१ जगभर तासभर बंद होतं, आपल्याकडं तेव्हा १५ ची पहाट होती म्हणून दूधवाल्यांशिवाय कोणाला कळलं नसंल. फक्त फसव्या साइट अडवणारं किंवा लेकरांसाठीचं टाकत असाल तर दोन्ही खाने त्याच प्रकारचे भरा, कारण दुसरा नंबर फक्त अडीअडचणीलाच वापरते असं नाही, मशीन कधीही त्याला विचारते आणि मग अडवलेली साइट उघडते.

याच्यानं स्पीड वाढते का?

नाही वाढत. ३० एमबीपीएसचा प्लॅन आहे तर तीसच राहणार. साइट उघडायच्या आधीची वाट कमी होते, डाउनलोड जसंच्या तसं.

वाट पण किती कमी होते याला हद्द आहे. फायबरमध्ये उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जाते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, तेवढ्या लांबीची वायर धरली तर जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद लागणारच, मधले डबे धरून वीस-तीस. कंपनीचं तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणचं डीएनएस चांगलं चालत असलं तर ते मुंबईच्या गूगलपेक्षा लवकर उत्तर देते. म्हणून धड चालणाऱ्याला हात लावू नका.

डीएनएस बदललं तर यूट्यूब उलटं मंद झालं. असं होते का?

होते कधी कधी. मोठ्या कंपन्या व्हिडिओचा साठा नेट कंपन्यांच्या जवळ ठेवतात, आणि तुम्ही कुठून विचारता ते पाहून जवळचा नंबर सांगतात. कंपनीच्या डीएनएसनं विचारलं तर त्यांना बरोबर समजते, बाहेरच्यानं विचारलं तर अंदाज चुकू शकते. गूगलचं डीएनएस तुमच्या भागाचा थोडा इशारा पुढं पाठवते, १.१.१.१ लोकांची माहिती झाकायची म्हणून पाठवत नाही. असं झालं तर गूगलचं लावून पाहा, नाहीतर परत कंपनीचंच.

बदललं, तरी जुनंच चालून रायलं!

तीन जागा पाहा. एक, फोन-लॅपटॉपनं जुनी माहिती धरून ठेवलेली असते, वायफाय तोडून पुन्हा जोडा, विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग, स्पेस, तिरपी रेघ, फ्लशडीएनएस हे मारा. दोन, क्रोममध्ये सिक्युअर डीएनएस नावाचं वेगळंच बटण आहे, ते चालू असलं तर क्रोम स्वतःच्या मनानं विचारते, म्हणूनच कधी क्रोम चालते आणि बाकी ॲप बंद, नाहीतर उलटं.

तिसरं सगळ्यात लपलेलं, आयपीव्हीसिक्स, म्हणजे नेटच्या नंबरांची नवीन, लांब पत्त्यांची पद्धत. राउटर दोन प्रकारचे डीएनएस वाटते, तुम्ही साध्या नंबराचं बदललं, पण विंडोज बऱ्याचदा व्हीसिक्सवालंच आधी विचारते. एनएसलुकअपमध्ये सर्व्हरच्या जागी एफई८० नं सुरू होणारा लांब पत्ता दिसला तर हाच घोळ. व्हीसिक्सच्या खान्यात पण गूगलचं २००१:४८६०:४८६०::८८८८ टाका.

आणि बरेच ऑपरेटर त्यांनी दिलेल्या राउटरचं हे पान कुलूपबंदच ठेवतात. मग प्रत्येक फोनमध्ये वेगळं टाकणे, नाहीतर त्याच्या मागं स्वतःचा राउटर लावणे, एवढंच हातात राहते.

फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस काय आहे? पोरानं काहीतरी टाकून दिलं तेव्हापासून पेमेंट होत नाही.

अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे, याच्यात विचारपूस कुलूप लावून जाते, मधात कोणी वाचू शकत नाही. इथं नंबर नाही, नाव टाकावं लागते, जसं डीएनएस डॉट गूगल. ऑटोमॅटिकवर ठेवलं तर जमलं तर कुलूप लावते, नाही जमलं तर साधं विचारते. पण नाव टाकून पक्कं केलं तर ते मिळालं नाही की फोन सरळ हात वर करते, टॉवरची पूर्ण काडी असून नेट नाही.

पोरं जाहिराती बंद करायला कोणत्यातरी ॲडब्लॉक डीएनएसचं नाव टाकतात. जाहिराती जातात हे खरं, पण त्यासोबत एखाद्या पेमेंट ॲपला लागणारं नाव पण अडते. ऑटोमॅटिकवर आणा आणि पुन्हा पाहा. बस स्टँड, लॉज, दवाखान्याच्या फुकट वायफायचं लॉगिन पान उघडत नसलं तरी बहुतेक हेच कारण.

लाइट जाऊन आली की घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एकही साइट उघडत नाही, फोनवर उघडते.

कॉम्प्युटरची तारीख पाहा. आतला बटण सेल मेला की लाइट गेल्यावर तारीख जुन्या सालात जाते, मग कुलूपवाली एकही साइट, कुलूपवालं डीएनएस पण, सर्टिफिकेट खोटं म्हणून नाकारते. सीआर२०३२ नावाचा सेल घड्याळाच्या दुकानात भेटते.

फॉर्मची शेवटची तारीख आहे आणि सरकारी साइट उघडूनच नाही राहिली, डीएनएस बदलू का?

नका बदलू. नंबरला आणि दुसऱ्या साइटला नीट चालते, फक्त तीच साइट अडते, म्हणजे तिकडं गर्दी झाली. जिल्ह्याभरचे कास्तकार एकाच दिवशी बसले की असंच होणार. पहाटे किंवा रात्री बारानंतर पाहा.

मोठ्यांच्या बाबतीत पण हे होते. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळंच गेलं, जवळपास सहा तास. त्यांच्याच माणसांच्या देखभालीच्या एका कमांडनं त्यांचं आतलं नेटवर्क तुटलं आणि त्यांचे डीएनएस सर्व्हर जगाला दिसेनासे झाले. त्या रात्री तुम्ही राउटर कितीही वेळा बंद-चालू केला असता तरी काही उपयोग नव्हता.

राउटरमध्ये भलताच डीएनएस नंबर दिसते, मी तर टाकला नाही.

तो कंपनीचा आहे का, ते पहिले ऑपरेटरला विचारा. नसला तर गंभीर आहे. डीएनएस ज्याच्या हातात तो तुम्हाला बँकेच्या नावावर दुसरीकडंच नेऊ शकते. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसनं जगभर लाखो कॉम्प्युटरचं डीएनएस असंच बदललं होतं, अमेरिकेच्या एफबीआयनं २०११ मध्ये ती टोळी पकडली. तेव्हा राउटर फॅक्टरी रीसेट करा, पण आधी ऑपरेटरकडून लॉगिन-पासवर्ड लिहून घ्या नाहीतर नेट पुन्हा चालू होणार नाही, आणि ॲडमिन-ॲडमिन पासवर्ड त्याच दिवशी बदला.

ऑपरेटर ऐकतच नाही, काय सांगू त्याला?

"नेट स्लो आहे" म्हणू नका, त्याला ते दिवसातून पन्नास जण म्हणतात. असं सांगा: ८.८.८.८ ला पिंग बरोबर आहे, लॉस शून्य आहे, पण तुमच्या डीएनएसवर टाइमआउट येते, हा फोटो पाहा. बऱ्याच छोट्या ऑपरेटरकडं सगळ्या गावाचं डीएनएस एकाच डब्यावर चालते आणि तो डबा दमला की कोणीतरी सांगेपर्यंत त्यालाही पत्ता नसते, असा नेमका पुरावा दिला तर बहुतेक जण दुरुस्त करतात. पिंगमध्येच लॉस असला तर तेवढंच सांगा, डीएनएसचं नाव काढू नका, नाहीतर तो ८.८.८.८ टाकून देईल आणि तक्रार बंद.

तरीही नाही ऐकलं तर कंपनीच्या तक्रार केंद्रावर फोन करून डॉकेट नंबर घ्या, तो लिहून ठेवा. त्यानं समाधान नाही झालं तर त्याच कंपनीच्या अपील अथॉरिटीकडं जाता येते, त्याला पैसे लागत नाही. ट्रायकडं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडं, सरळ अर्ज करायला सांगणारे भरपूर भेटतील, पण ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ती कंपनीकडंच परत पाठवते.